मराठीतून घातलेलं पाणी

आमच्या अण्णांना लॅटिन येत नव्हतं, पण ते ऐटीत लॅटिन बोलायचे. नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्यांच्या लहानपणी परदेशी फादर होते आणि त्या फादरांच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, अण्णा वेदीपाशी गुडघे टेकून उत्तरं द्यायचे. आठव्या वर्षी पाठ केलेली ती उत्तरं त्यांनी चाळिशी उलटेपर्यंत एक अक्षर न गाळता सांभाळली. अर्थ विचारला की म्हणायचे, "अर्थ देवाला कळतो, तुला कशाला पंचाईत?" रबाळ्याच्या एका कंपनीत ते बॉयलरवर होते. पहिल्या पाळीला जाण्याआधी दारात आरसा टांगून दाढी करायचे आणि ब्लेड गालावरून फिरत असताना 'एत कुम स्पिरितु तुओ' चालू असायचं. मिस्सेत फादर 'प्रभू तुमच्याबरोबर असो' म्हणतात आणि आपण त्यांना उलट उत्तर देतो ना, तेच हे, फक्त लॅटिनमधलं. चाळीतल्या लोकांना वाटायचं, हा माणूस मल्याळी बोलतोय. मला मेलीला भारी लाज वाटायची. दहावीतली पोर मी, मैत्रिणी शाळेला बोलवायला यायच्या आणि हे दारात फेस लावून रोमचा कारभार चालवतायत.

आम्ही शिरवण्याला हिराबायच्या चाळीत राहायचो. एक खोली, पुढे ओटा, मागे मोरी. कंपन्यांचे भोंगे हेच आमचं घड्याळ. प्रत्येक कंपनीचा भोंगा वेगळा आणि आईला ते सगळे ओळखू यायचे. एकाला ती पीठ मळायला घ्यायची, दुसऱ्याला तवा ठेवायची, आणि संध्याकाळी सातचा भोंगा झाला की जपमाळ. आईचा हात नगरचा, म्हणजे बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि थंडीत हुलग्याचे शेंगोळे. हिराबाय आगरी. तिच्याकडून खाडीची कोलंबी यायची आणि आमच्याकडून शेंगोळ्याचं पातेलं जायचं. आमच्या जपमाळेला ती उंबऱ्यात येऊन बसायची, तंबाखू मळत. धर्म तिचा वेगळा, पण दिवसभर एकटी असायची आणि आमचा सूर तिला आवडायचा. एकदा जपमाळ संपली तरी अण्णांची लॅटिन शेपूट काही संपेना. हिराबायने विचारलं, "काय गो मार्था, ह्यो तुजा नवरा कंची भासा बोलतंय?"

"देवाची," अण्णांनीच परस्पर उत्तर दिलं.

"मंग तुमचे देवाला मराठी कलत नाय?"

मी पोट धरून हसले. अण्णाही ओशाळून हसले. आई मात्र हसली नाही. ती उठून चुलीकडे गेली आणि त्या संध्याकाळी तिच्या दोन भाकऱ्या करपल्या. आईची भाकरी करपलेली मी तोवर पाहिली नव्हती. मला वाटलं, अंगात कणकण असेल.

तेव्हा आमचं चर्च बांधलेलं नव्हतं. रविवारची मिस्सा एका शाळेच्या हॉलमध्ये व्हायची. मागे फळ्यावर शनिवारची गणितं तशीच असायची आणि पुढे टेबलावर पांढरं कापड घालून वेदी. पूर्वी सगळीकडे लॅटिनमध्ये होणारी मिस्सा मराठीतून होऊ लागून कैक वर्षं झाली होती, तरी अण्णा आपली उत्तरं लॅटिनमध्येच पुटपुटायचे. आमचे फादर डॉमनिक वसईकडचे, तरुण, स्कूटरवर फिरणारे. त्यांना ते ऐकू जायचं, पण त्यांनी कधी टोकलं नाही. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "सगळं बदललं आणि तुम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही. यात तुमची काय चूक?" असं म्हणून त्यांनी दर महिन्याला एकेका घरी बैठक सुरू केली. सभेत लोक विचारायला लाजतात म्हणून एक रिकामा बिस्किटाचा डबा ठेवला. प्रश्न चिठ्ठीवर लिहायचा, नाव घालायचं नाही, घडी करून डब्यात टाकायचा. चिठ्ठ्या वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज. आई म्हणायची, ही पोरगी असताना कंपनीला भोंगा कशाला हवा?

काय एकेक चिठ्ठ्या निघायच्या. शुक्रवारी चुकून सुकट खाल्लं तर काय? अहो, शुक्रवारी वर्ज्य ते मटण; सुकट म्हणजे मासळीच, तिला बंदी कधी होती? पण विचारणाऱ्याचा जीव बिचारा टांगणीला. ख्रिस्तप्रसाद जिभेवर न घेता हातावर घेतला तर पाप लागतं का? फादर म्हणाले, "दिवसभरात जिभेनं जास्त पापं होतात की हातानं, तुम्हीच सांगा." वाशीच्या सिल्विया आंटी मूळच्या वांद्र्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळ ख्रिस्ती लोकांतल्या, जुन्या वळणाच्या. त्यांची चिठ्ठी नाव नसली तरी अत्तराच्या वासावरून कळायची. मिस्सेत आरती ओवाळली तर आपण हिंदू होतो का, असा त्यांचा सवाल होता. फादरांनी विचारलं, "आंटी, तुमच्या लग्नात हळद लागली होती ना?" आंटी म्हणाल्या, "म्हणजे काय, चांगली बँड लावून." "मग तेव्हा झालात का?" सगळे हसले, आंटीही हसल्या. पण पुढल्या महिन्यात तीच चिठ्ठी पुन्हा डब्यात.

आता माझी साठी जवळ आली आहे, नेरुळला आठव्या मजल्यावर राहते आणि आमच्या चर्चमध्ये मोठ्यांना धर्मशिक्षण देते. डबा गेला, मोबाईल आला. मयताला अग्नी दिला तर चालेल का, राख घरात कपाटात ठेवू का, ऑनलाइन मिस्सा पाहिली तर रविवार पाळल्यासारखा होतो का, असं सगळं विचारतात. ग्रुपवर कुणी विचारणार नाही, मला एकटीला मेसेज येतो. "मॅडम, एका मैत्रिणीचा प्रश्न आहे." या मैत्रिणीला मी चांगली ओळखते. ती चाळीस वर्षांपूर्वीही होती.

ऑक्टोबर हा आमचा जपमाळेचा महिना. मी दहावीत होते त्या वर्षी त्या महिन्याची बैठक आमच्या घरी ठरली. आईने दोन दिवस आधीपासून तयारी धरली. हुलग्याचं पीठ हिराबायच्या जात्यावर दळलं, लसूण-मिरची वाटली आणि पंधरा माणसांचे शेंगोळे वळत बसली. सिल्विया आंटी घरी तळलेल्या फुग्या, मैद्याचे फुगलेले गोळे, घेऊन आल्या. खोलीत माणसं मावेनात, तेव्हा काही ओट्यावर बसली. हिराबाय नेहमीसारखी उंबऱ्यात. अण्णांची पहिली पाळी होती, त्यामुळे ते घरी होते आणि यजमान म्हणून फादरांच्या शेजारी ताठ बसले होते.

दोन चिठ्ठ्या झाल्या. तिसरी कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेली होती. मी माझ्या नेहमीच्या दणदणीत आवाजात सुरू केली. "बाळ जायला लागलं. फादर गावात नव्हते. आईने पाणी घातलं आणि शब्द मराठीत म्हटले. तेव्हा मिस्सा लॅटिनमध्ये होती." इथवर आले आणि अक्षर ओळखू आलं. आई सिस्टरांच्या बोर्डिंगात चौथीपर्यंत शिकलेली. तिचं लिहिणं वाण्याच्या यादीपुरतं, प्रत्येक शब्द काडी रोवल्यासारखा सुटा सुटा. माझा आवाज एकदम बसला. पुढचं मी कसंबसं वाचलं. "तो बाप्तिस्मा लागला का? नसेल तर ते बाळ आता कुठे आहे?"

मी आईकडे पाहिलं नाही. का कोण जाणे, मी अण्णांकडे पाहिलं. ते मांडीवरच्या हातांकडे बघत होते.

फादर डॉमनिकनी माझ्या हातातून चिठ्ठी घेतली, स्वतः एकदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. एरवी ते चिठ्ठी डब्यात परत टाकायचे. मग कुणाकडेच न बघता म्हणाले, "लागला. पूर्ण लागला. त्यात काडीचीही कमी नाही."

"पण फादर," अण्णांचा आवाज ओळखू येईना, "तेव्हा बाप्तिस्मा लॅटिनमध्ये असायचा. मी स्वतः मेणबत्ती धरून उभा असायचो. कितीतरी पाहिलेत मी."

"चर्चमध्ये फादर द्यायचे तो लॅटिनमध्ये, विल्यमभाऊ. पण जीव जात असेल आणि फादर जवळ नसेल, तर कुणीही पाणी घालावं आणि पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावानं मी तुला बाप्तिस्मा देतो, एवढं मनापासून म्हणावं. कुठल्याही भाषेत. ही हिराबाय आहे ना, वेळ आली तर तीसुद्धा देऊ शकते."

"मी?" हिराबाय दचकली.

"तुमी, बाय. तुमच्या आगरीत."

"म्हणजे हा नवीन नियम आहे," अण्णा म्हणाले. माणूस बुडताना काठ धरतो तसं त्यांनी ते धरलं होतं. "मिस्सा मराठीत झाली, तेव्हापासूनचा."

फादर जरा थांबले. आज मला कळतं की काय घडलं होतं हे त्यांना तोवर उमगलं होतं आणि खोटं बोलून अण्णांना सोडवायचं की खरं सांगायचं, हे ते ठरवत होते. "नाही भाऊ," ते हळू म्हणाले. "बदल झाला तो मिस्सेच्या भाषेत. हे मात्र जुनंच आहे, तुमच्या-माझ्या जन्माआधीपासूनचं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, एवढंच."

सिल्विया आंटींनी नाक पुसलं आणि विचारलं, "आणि फादर, पाणी घालायलाही वेळ नाही मिळाला तर? आमच्या मम्मीच्या वेळी सांगायचे की अशी बाळं लिंबोत जातात. ना सुख, ना दुःख. देव दिसत नाही त्यांना."

"हे मात्र बदललंय, आणि बरं झालं बदललं. लिंबो ही जुन्या विद्वानांनी काढलेली तोड होती, आपल्या श्रद्धेचं कलम नव्हतं ते. आता अशा बाळासाठीसुद्धा चर्च अंत्यविधीची प्रार्थना करतं. आईबापाला बाप्तिस्मा द्यायचा होता, तेवढं पुरे. लेकरांना माझ्याकडे येऊ द्या म्हणणारा देव भाषेवरून किंवा पाच मिनिटांच्या उशिरावरून लेकरू परत पाठवील का?"

अण्णा उठले आणि ओट्यावर जाऊन उभे राहिले. आईने शेंगोळे वाढायला घेतले. सगळ्यांना वाढलं, हिराबायला दोनदा वाढलं, आणि अण्णांची थाळी झाकून ठेवली. मी तिच्या मागे मागे पाण्याचे पेले घेऊन फिरत होते आणि मला एवढंच कळत होतं की माझ्या आधी या घरात कुणीतरी होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी दाढी केली ती गुपचूप. ते कंपनीच्या बसला गेल्यावर आई तांदूळ निवडत बसली आणि मी न विचारताच सांगू लागली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षीचा मुलगा. दोन दिवसांचा होता. अंग निळं पडायला लागलं तेव्हा अण्णा फादरांना आणायला सायकलवर धावले, पण फादर लांबच्या वस्त्यांवर गेलेले. इकडे आईने बोर्डिंगात सिस्टरांनी शिकवलं होतं तसं केलं. तांब्यातलं पाणी घेतलं, बाळाच्या टाळूवर तीनदा घातलं, शब्द म्हटले. अण्णा परतले तेव्हा सगळं संपलं होतं. आईने त्यांना सांगितलं, मी बाप्तिस्मा दिलाय. त्यांनी विचारलं, कुठल्या भाषेत? मराठीत म्हटल्यावर ते म्हणाले, मग तो लागला नाही. अण्णा तेव्हा वीस-बावीस वर्षांचा पोरगा, पण गावात त्याच्याइतकं लॅटिन कुणाला येत होतं? गावचे धर्मशिक्षक मास्तर, तेही त्याच्या ऐटीला दबून. लॅटिनमध्ये नाही तर मग भिंतीच्या आत पुरता येणार नाही, असं मास्तर म्हणाले. बाळाला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर बाभळीखाली ठेवलं. ना क्रूस, ना प्रार्थना.

"आणि फादर परत आल्यावर?" मी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही. यांनीपण नाही, मीपण नाही. नाही म्हणाले तर, ही भीती. मिस्सा मराठीत सुरू झाली तेव्हा वाटलं, मराठी आता चालते, पण आपल्याला उशीर झाला. तेव्हापासून मी देवाला म्हणतेय, तुला मराठी येत होती तर आधी का नाही सांगितलंस?" असं म्हणून आई हसली आणि मग रडली. मीही रडले. तिचं रडणं त्या दिवशी मला वाईट वाटलं नाही. पाऊस अडून अडून शेवटी पडावा तसं मोकळं होतं ते.

तेव्हा मला आठवलं. गावी गेलं की कबरस्तानाच्या भिंतीबाहेर आई नेहमी मागे राहायची. त्या बाभळीखाली वाकायची आणि म्हणायची, व्हा पुढे, पायात काटा गेलाय. मी एकदा चिडून म्हटलंही होतं की दर वेळी तुलाच कसा काटा लागतो?

अण्णा आठवडाभर धड जेवले नाहीत. आईशी बोलायचं म्हणजे माझ्यामार्फत, "आईला म्हणावं, डबा दे." मला त्यांचा रागही आला आणि कणवही आली. काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी गत, तीसुद्धा वीस वर्षं. रविवारी मिस्सेनंतर ते फादर डॉमनिकांशी शाळेच्या व्हरांड्यात बराच वेळ उभे होते. घरी आल्यावर पहिल्यांदा थेट आईला म्हणाले, "मृतांच्या दिवसाला गावी जायचं. फादर म्हणाले, प्रार्थनेला भिंत आड येत नाही."

नोव्हेंबरच्या दोन तारखेला आमच्यात कबरींवर झेंडू घालतात, मेणबत्त्या लावतात. सगळं कबरस्तान पिवळं झालं होतं. अण्णा आत गेलेच नाहीत. बाभळीपाशी थांबले. आई सवयीने वाकली आणि तिने तळव्याला हात घातला.

"काटा राहू दे, मार्था," अण्णा म्हणाले. "बस इथं."

दोघं मातीत बसले. अण्णांनी पिशवीतून झेंडू काढले, पण नेमके कुठे ठेवायचे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आईने बोट दाखवलं. मग ते म्हणाले, "मी फादरांना विचारलंच नाही. मला लॅटिन येतं या तोऱ्यात राहिलो. माझं चुकलं." आईने झेंडू नीट मांडले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पाणी घातलंस तेव्हा नाव घेतलं असशील ना? काय नाव ठेवलं होतंस?"

"आज विचारताय?"

"आज विचारतोय."

"योसेफ," आई म्हणाली. हे नाव तिने वीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर उच्चारलं.

अण्णांनी मेणबत्ती लावली आणि प्रार्थना म्हणायला तोंड उघडलं, तर लॅटिनच येऊ लागलं. ते थांबले. मृतांची मराठी प्रार्थना त्यांनी कधी पाठच केली नव्हती. मग आई एकेक ओळ सांगू लागली आणि बॉयलरवर काम करणारा माझा ऐटबाज बाप लहान पोरासारखा तिच्या मागून म्हणू लागला. मी मागे उभी राहून ऐकत होते. त्या दिवसानंतर अण्णा मिस्सेत कायम मराठीत उत्तर द्यायचे, आईपेक्षा अर्धा शब्द उशिरा. लॅटिन फक्त दाढीपुरतं उरलं, आणि तिथे मला ते आवडू लागलं.

दोघं आता नाहीत. नोव्हेंबरमध्ये आमच्या चर्चमध्ये वेदीपाशी एक वही ठेवतात, ज्याने त्याने आपल्या मृतांची नावं लिहायची. मी तीन लिहिते. पहिलं योसेफ, मग अण्णा, मग आई.

गेल्या वर्षी त्याच दिवसांत एक मेसेज आला. "मॅडम, एका मैत्रिणीचा प्रश्न आहे." मैत्रिणीचं बाळ सातव्या महिन्यात झालं आणि काचेच्या पेटीतच गेलं. ड्युटीवरची नर्स हिंदू. मैत्रीण ओरडून सांगत होती म्हणून तिनेच बाळाच्या कपाळावर पाणी घातलं, मैत्रिणीने सांगितलेले शब्द तिच्या मागून म्हटले. सासरचे म्हणतात, असला बाप्तिस्मा लागत नाही. हे खरं का? माझ्याकडे अशा प्रश्नांची उत्तरं तयार असतात, पाठवली की झालं. पण त्या दिवशी मी काही पाठवलं नाही. मी फोन लावला. तिने घाबरत घाबरत 'हॅलो मॅडम' म्हटलं, आणि मी आधी सांगितलं, "लागला गं. पूर्ण लागला." मग विचारलं, "बाळाचं नाव काय ठेवलंस?"

मग तिने नाव सांगितलं, दोनदा सांगितलं, आणि रविवारी मी तिला हाताला धरून वेदीपाशी नेलं. योसेफच्या शेजारी जागा होती. तिथे तिने ते स्वतःच्या हाताने लिहिलं.